लाल गाय आणि शंभरची गोळी

१४ ऑक्टोबर, आत-बाशी खोरं

गुलझात,

परवा फोनवर ऐकलास तो आवाज रडण्याचा नव्हता. मी रडत नाही, आणि तुझ्यापुढे तर मुळीच नाही. गळ्यात एक गाठ होती, ती बिश्केकला जाऊन काढून आले. त्यात आवाज बसलाय. डॉक्टर म्हणतात हळूहळू येईल परत. तोवर फोनवर मी 'भाकरी झाली' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कोणी गेल्यासारखं वाटणार, म्हणून हे पत्र. शेजारच्या साकिशचा भाचा कामासाठी मॉस्कोला निघालाय, त्याच्या हाती देते.

मेलिसला सांग, आईची गाठ नखाएवढी होती, काळजी करू नकोस. त्याला बांधकामावरून रजा काढून इकडे धावत यायची गरज नाही. तुलाही नाही. उन्हाळ्यात तू या घरातून भाकरीचा तुकडाही न मोडता निघालीस, सगळी गल्ली बघत होती. दुश्मनसुद्धा दारातून निघताना तुकडा तोंडात टाकून जातो. ते मी विसरलेले नाही, पण आज मला तो विषय काढायचा नाही.

तुझा विषय मला ठाऊक आहे: बेगिमाय. पुढच्या सप्टेंबरात तिला मॉस्कोच्या शाळेत घालायचं, हे तू मला विचारलं नाहीस, सांगितलंस. आता माझंही ऐक. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही रीत मी शोधून काढलेली नाही. मेलिसलाही माझ्या सासूनेच वाढवलं, आणि तो मला बारा वर्षांचा होईपर्यंत ताई समजत होता, म्हणून मी कुठे विहीर जवळ केली? पोर मला अपा म्हणते, तुला गुलझात-एजे म्हणते. म्हणजे आई मी आणि थोरली बहीण तू. ती खुशीत आहे. गणितात पहिली आली. दात पडलाय, समोरचा.

माझी तब्येत घोड्यासारखी आहे. रोज सकाळी एक गोळी घ्यायची, एवढंच काय ते. आत-बाशीच्या दवाखान्यात अनारा म्हणून डॉक्टरीण आहे, वयाने तुझ्याएवढी. तिने बजावलंय, उपाशीपोटी, तोंडात अन्नाचा कण न घालता. ही गोळी आता जन्मभर. गळ्यातलं जे काढलं ते जे काम करायचं ते आता गोळी करणार. शंभरची आहे. शंभर काय ते मी विचारलं नाही.

गळ्याला रुमाल थंडीमुळे बांधते. पोर सांगेल, आजीला मोठा व्रण आहे. पोरं काहीही सांगतात.

कालीचा


२० जानेवारी

गुलझात,

तू पाठवलेले बूट मिळाले. बेगिमायला एक बोट मोठे आहेत. चालतील.

इथे थंडी फार आहे. म्हणजे दरवर्षी असतेच, पण यंदा ती माझ्या हाडांत येऊन बसलीय. चुलीजवळ बसते, अंगावर दोन कोट आणि तरी पाय गार. साकिश म्हणते, कालीचा, तुझा चेहरा कणकेसारखा फुगलाय. मी म्हटलं, तुझं तोंड आधी बघ. पूर्वी असं बोलले की मलाच बरं वाटायचं. आता बोलून झाल्यावर नुसती दमते.

डॉक्टरणीने रक्त तपासलं आणि गोळी वाढवली. मग पुन्हा तपासलं आणि पुन्हा वाढवली. आता दीडशेची आहे. ती दर वेळी विचारते, "कालीचा-एजे, गोळी घेताना तोंडात काही घालता का?" मी दर वेळी सांगते, कणसुद्धा नाही. ती डोकं खाजवते. आजकालच्या शिकलेल्या पोरींना सगळं कागदावर दिसतं, तरी पुढे काय करायचं ते दिसत नाही.

मला पत्र लिहायला दोन दिवस लागले. मधेच काय लिहायचं होतं ते सुटतं.

बेगिमायच्या डाव्या गालाची कातडी सोलवटली आहे, फोनवर दिसली असेल. हिमवादळात चालली, थंडी चावली. मेंढीची चरबी लावते. मुलं म्हटली की असं व्हायचंच. त्याचा बाऊ करू नकोस.

ती रोज संध्याकाळी मला वाचून दाखवते. मी ऐकता ऐकता झोपते, तर मला हलवून उठवते आणि विचारते, "अपा, कुठपर्यंत ऐकलंस?" मी काहीतरी सांगते. तिला कळतं, आणि ती मागचं पान काढून पुन्हा वाचायला लागते.

कालीचा


२६ मार्च

सूनबाई,

पोरीची फोनवर उलटतपासणी घेतलीस म्हणे! आठ वर्षांच्या लेकराला तासभर विचारत बसलीस, आजी कधी झोपते, आजी कधी उठते, शाळेतून आणायला कोण आलं होतं. शाब्बास. पोलिसात नोकरी का नाही धरत? शिवणकामात काय ठेवलंय?

हो! लागली होती मला झोप. वादळ सुटलं होतं, मुलांना न्यायला घरच्यांनी यावं असा निरोप होता, आणि मी चुलीजवळ बसल्या बसल्या झोपले. शाळेला कुलूप लावून सगळे गेले. पोर पायरीवर उभी राहिली. साकिशने आणून सोडली. झालं समाधान? गाल भरून आलाय, डागही राहिलेला नाही. तू काय, मॉस्कोत डोळ्यांत तेल घालून बसणार आहेस? सकाळी आठला कामावर जातेस, रात्री आठला येतेस. तिथे पोर कुणाच्या पायरीवर उभी राहील?

आणि आता मला झोप येतच नाही, तेव्हा तो प्रश्नही मिटला. पायाला भिंगरी लागली आहे माझ्या. या महिन्यात मी गोठा सारवला, सगळे गालिचे बाहेर काढून बर्फात झोडपले, दोन जाड लोकरी शिर्दाक उसवून पुन्हा शिवले. हात थरथरतात, पण टाका सरळ येतो. छातीत ढोल वाजतो. साकिशला म्हटलं, हात लावून बघ, तर म्हणाली, "बाई गं, कोंबडी धरल्यासारखं वाटतंय." पूर्वी घट्ट होणारा कोट आता अंगावर लोंबतो. काल दुकानदाराशी भांडले, परवा मुल्लाशी भांडले. दोघांचंही चुकलं होतं.

डॉक्टरीण रक्ताचा कागद बघून म्हणाली, "एजे, आता तर उलटंच झालं! तुम्ही चुकून दोन-दोन गोळ्या घेताय का?" मी तिला चांगलं सुनावलं. मी काय वेडी आहे? तिने घाबरून गोळी एकदम शंभरवर आणली.

तर ऐक. बेगिमाय कुठेही जाणार नाही. तू विमानाने ये, रेल्वेने ये, नाहीतर उंटावर बसून ये. रीत म्हणजे रीत. तुला दुसरं मूल झालं नाही त्यात माझा दोष नाही, आणि माझ्या पदरातलं उचलून तुझी ओटी भरणार नाही. हे पत्र मेलिसला वाचून दाखव. त्यालाही कळू दे मी काय म्हणते ते.

कालीचा


१९ मे

गुलझात,

गाय गेल्या महिन्यात व्यायली. कालवड झाली.

मी बरी नाही. गोळी घेते तरी बरी नाही. डॉक्टरीण म्हणते रक्त पूर्वीपेक्षा वाईट. तिला काही कळत नाही. मलाही नाही.

काल दुधाचं भांडं चुलीवर ठेवलं आणि ते पार जळून काळं होईपर्यंत बघत बसले. समोरच होते. बेगिमायने फडक्याने उतरवलं. तिचं बोट भाजलं.

तू म्हणत होतीस तेच बरं. तिला घेऊन जा. शाळा सुरू व्हायच्या आत ये. मला काही वाईट वाटत नाही. तुझ्या मनाला लावून घेऊ नकोस, काही वाटतच नाही मला.

आवाज आला परत. आता फोन केलास तरी चालेल. पण मला बोलायला काही नाही.

कालीचा


१७ जून

गुलझात,

तिकिटं काढलीस असं बेगिमायने सांगितलं. काढलीस ती काढलीस. पण हे वाच आणि मग थोडं थांब.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीण अनारा आपल्या गावात आली होती. शाळेतल्या पोरांचे गळे तपासायला. तुला माहीत आहे, इथल्या पाण्यात काहीतरी कमी आहे, निम्म्या बायकांच्या गळ्याला गाठी. (माझीही नखाएवढी नव्हती. चांगली सफरचंदाएवढी होती. आता लपवून काय करू?) संध्याकाळी दरड कोसळून रस्ता बंद झाला, म्हणून ती आपल्या घरी राहिली. पाहुणी म्हणून तिला खिडकीखालची जाड गादी दिली.

सकाळी मी दूध काढून आले, चहा केला, मीठ टाकलं, लोणी टाकलं, वाडगा भरला. गोळी जिभेवर ठेवली आणि घोट घेतला. ती अंथरुणात बसून केस विंचरत होती. कंगवा तसाच केसांत राहिला.

"कालीचा-एजे, काय घेतलंत?"

"गोळी. तूच दिलेली."

"ते दिसलं. कशाबरोबर?"

"चहाबरोबर. उपाशीपोटी. तू म्हणालीस तसंच."

"दुधाच्या चहाबरोबर?"

"मग काय काळा चहा पिऊ? घरात कोणी मेलंय का?"

"अहो, मी दर वेळी विचारत होते, तोंडात काही घालता का म्हणून!"

"आणि मी दर वेळी खरं सांगत होते. कण नाही घातला. चहा म्हणजे काय जेवण आहे?"

ती उठून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, दूध या गोळीला धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. साधं पाणी हवं, आणि मग तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. मला ते पटेना. आपल्या घरात शुभकार्यात दुधाला नाव घेऊन दूध म्हणतात का कोणी? पांढरं म्हणतात. नवी सून आली की आधी तिच्या तोंडाला पांढरं लावतात, घोडा लांबच्या वाटेला निघाला की त्याच्या खुरांवर पांढरं शिंपडतात. मला बरं करणारी वस्तू मी पांढऱ्याबरोबर गिळली, यात वाकडं काय? उलट मला वाटत होतं, मी गोळीचा मान ठेवतेय. नुसत्या पाण्याने औषध घेणं मला भिकाऱ्यासारखं वाटायचं.

मी हे सगळं तिला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. मग एकदम विचारलं, "मार्चमध्ये कशाबरोबर घेत होतात?"

मी म्हटलं, मार्चमध्ये गाय आटली होती. साकिशकडून पेलाभर दूध मिळायचं ते पोरीला. काळ्या चहाने मला मळमळतं, म्हणून नुसतं गरम पाणी.

"आणि गाय व्यायली कधी?"

"एप्रिलात."

तिने कपाळाला हात लावला आणि हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "एजे, मी गेले आठ महिने तुमच्या गाईवर उपचार करतेय! तिने दूध दिलं की मी गोळी वाढवायची, ती आटली की मी कमी करायची!" मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती तशीच गोठ्यात जाऊन लाल गाईला बघून आली. बेगिमायला फारच गंमत वाटली. ती दिवसभर गाईला डॉक्टरीणबाई म्हणत होती.

मी हसले नाही. मला तुझी आठवण आली. जानेवारीत जी बाई पायरीवरचं पोर विसरली ती मी, मार्चमध्ये जिने तुला तो ओटीचा शब्द लिहिला ती मी, आणि मेमध्ये जिने पोरीला देऊन टाकलं तीही मीच. तिघींची सही एकच. आता तू कुणाचं खरं मानायचं?

गोळी पुन्हा शंभरचीच ठेवलीय, पहिल्या दिवशी होती तीच. पाण्याबरोबर. डॉक्टरीण म्हणते ऑगस्टात रक्त बघू, त्याआधी काही सांगता येणार नाही. तेव्हा तुला विनंती आहे (हा शब्द मी तुझ्यासाठी पहिल्यांदाच वापरतेय): ऑगस्टपर्यंत माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवू नकोस. 'ने' म्हटलेल्यावर नाही आणि 'नेऊ नको' म्हटलेल्यावरही नाही.

तो तास फार लांब वाटतो. चहाशिवाय काय करायचं तेच सुचत नाही. पोरीची वेणी घालते.

कालीचा


११ ऑगस्ट

पोरी,

रक्त बरोबर आलं. डॉक्टरणीने कागद दाखवला आणि स्वतःच टाळी वाजवली. मला कागदाची गरज नव्हती. त्याआधीच एका सकाळी उठले, गोठ्यात गेले, परत आले, आणि मधेच लक्षात आलं की आज मला गार वाटत नाहीये, धडधडतही नाहीये. पाय जमिनीवर होते आणि डोक्यात एका वेळी एकच गोष्ट होती. कितीतरी दिवसांनी मी मला सापडले.

तेव्हा आता मी नीट बोलू शकते.

आधी मार्चचं. छातीतला ढोल गोळीचा होता, थरथरणारा हात गोळीचा होता. पण तुला दुसरं झालं नाही यावरून जे लिहिलं, तो शब्द गोळीने कुठून आणला? माझ्या मनात होता म्हणूनच बाहेर आला. गोळीवर ढकलून मी मोकळी होणार नाही. तो शब्द मी मागे घेते आणि तुझी माफी मागते. सासूने सुनेची माफी मागायची आपल्यात रीत नाही, आणि रीत मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता बेगिमायचं. गेल्या आठवड्यात तिच्याशी बोलले. ती बटाटे सोलत होती.

"अपा, गुलझात-एजे मला न्यायला येणार ना?"

"तुला जायचंय?"

"तिथे शाळेतच पोहायला शिकवतात म्हणे. पाणी गरम असतं." मग तिने पुढचा बटाटा सोलायला घेतला. "आणि तू?"

"मला गाय आहे."

"गाय तर तुला आजारी पाडते."

"आता नाही पाडत. आता मला कळलंय."

"मग तू बरी आहेस?"

"बरी आहे."

"मग मी जाऊ शकते," ती म्हणाली.

ऐकलंस? वर्षभर ती पोर जायचं म्हणत नव्हती, कारण मी चुलीजवळ झोपत होते. मला वाटत होतं मी तिला सांभाळतेय. भांडं उतरवायला ती होती, मला हलवून उठवायला ती होती. मी बरी होईपर्यंत आपण हलायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

आज मला कोणी म्हणू शकत नाही की म्हातारीला पोर सांभाळवत नाही. हे बघ, तुला ठणकावून सांगते, मला सांभाळवते. हवं तर अजून दहा वर्षं सांभाळीन, आणि गावातला एक माणूस तुझ्या बाजूने उभा राहणार नाही. मला नको म्हणायचा पूर्ण हक्क आहे, आणि आता नको म्हणण्याइतकी शुद्धही आहे.

तीन दिवस मी तेवढ्याचसाठी पत्र लिहिलं नाही. रोज सकाळी पाण्याने गोळी घेतली आणि तो रिकामा तास स्वतःला विचारत बसले, कालीचा, आता तुला कोणी ढकलत नाहीये, तू काय म्हणतेस? रोज एकच उत्तर आलं.

ती पहिले काही दिवस रडेल. रडू दे. मला अपा म्हणते ते म्हणू दे, आणि तुला एजे म्हणाली तर दुरुस्त करू नकोस, तिच्या जिभेला सवय व्हायला वेळ लागेल. दात घासायला कंटाळते. कांदा वेचून बाजूला काढते. गाल अजून थंडीत लाल होतो, तेव्हा चरबी लावायची, दुकानातलं मलम नाही.

मेमध्ये मी हेच लिहिलं होतं, की तिला घेऊन जा. तेव्हा मला काहीही दुखलं नव्हतं. आज दर ओळीला दुखतंय, आणि म्हणूनच मला खात्री आहे की हे मी लिहितेय. ये, आणि तिला घेऊन जा.

कालीचा